ओरादूरच्या स्मारकातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

फ्रान्समधील लिमोज शहराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर ओरादूर-स्युर-ग्लान हे गाव आहे. ग्लान ही तेथील लहानशी नदी. तेव्हा ‘ग्लानकाठचे ओरादूर’ एवढाच या नावाचा अर्थ. ‘ओरादूर’ हा शब्द लॅटिन ‘ओरातोरियुम्’, म्हणजे प्रार्थनास्थान, या शब्दापासून आलेला आहे. १० जून १९४४ रोजी, शनिवारी दुपारी, जर्मन वाफेन एस.एस.च्या ‘दास राइश’ या डिव्हिजनमधील एका कंपनीने हे गाव वेढले. पुरुषांना धान्याच्या कोठारांत व तशाच अन्य जागी नेऊन गोळ्या घातल्या, स्त्रियांना व मुलांना चर्चमध्ये कोंडले, आणि त्या साऱ्या जागांसह गाव पेटवून दिले. मृतांची संख्या दीर्घकाळ ६४२ अशी सांगितली जात असे. तींत दोनशेहून अधिक मुले होती. चर्चमधून एकच स्त्री, मार्गरीत रुफाँश, खिडकीवाटे बाहेर पडून वाचली. एका कोठारातून पाच पुरुष वाचले. ही हकीकत अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ती हकीकत नसून तिचे स्मारक हा आहे. आणि स्मारकातही वास्तूपेक्षा तिच्यावर लिहिलेली, आणि काही काळ तिच्याभोवती उच्चारली गेलेली, भाषा.

या स्मारकाविषयी लिहिणाऱ्यांचे एक आवडते विधान असे की, ओरादूरचे भग्नावशेष स्वतःच बोलतात. तेथे शब्दांची गरज नाही. हे विधान ऐकावयास बरे वाटते, परंतु ते खरे नाही. पडकी भिंत ही भूकंपाने पडली, बॉम्बने पडली की केवळ वयाने पडली, हे भिंत सांगत नाही. ते सांगावे लागते. मार्च १९४५ मध्ये जनरल द गोल यांनी गावास भेट दिली आणि अवशेष जसेच्या तसे राखण्याचे ठरले. मे १९४६ च्या कायद्याने त्यांना संरक्षित ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. लगतच नवे गाव वसवावयाचे ठरून १० जून १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरियोल यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. म्हणजे अवशेषांचे ‘राखले जाणे’ हाच मुळी एक राजकीय निर्णय होता, आणि तो निर्णय होताच पाट्या आल्या. ओरादूरइतके सर्वत्र मथळे लावलेले भग्नावशेष विरळाच असतील.

या पाट्यांचे प्रकार वेगळे केले की स्मारकाचे व्याकरण दिसू लागते. पहिला प्रकार घरांवरील पाट्यांचा. न्हावी, लोहार, सुतार, पाववाला, अशी धंद्याची नावे, काही ठिकाणी जोडीला घरमालकाचे नाव, एवढेच त्यांवर असते. येथे क्रियापद नाही, म्हणून काळही नाही. ‘येथे लोहाराचे घर होते’ असे ती पाटी म्हणत नाही. ती नुसते ‘लोहार’ म्हणते. दुकानावरची पाटी जिवंत गावात जे काम करते तेच काम ती पाटी येथे छप्पर नसलेल्या भिंतीवर करीत राहते. संपूर्ण स्मारकात भाषेचा इतका संयमित आणि इतका परिणामकारक उपयोग दुसरा नाही. शोकाचे एकही विशेषण न वापरता केवळ नामाच्या बळावर हे साधले आहे, ही गोष्ट स्मारकलेख रचणाऱ्या कोणासही विचार करावयास लावील.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष हत्येच्या जागांवरील पाट्यांचा. त्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच आहे: हे यातनास्थान आहे, येथे पुरुषांचा एक गट नात्झींकडून मारला व जाळला गेला, स्तब्ध होऊन चिंतन करा. मूळ फ्रेंचमधील क्रियापद ‘पासे सँप्ल’ या भूतकाळात आणि कर्मणी प्रयोगात आहे. हा भूतकाळ आता बोलण्यात उरलेला नाही. तो ग्रंथांचा, इतिहासकथनाचा काळ आहे. एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५९ मध्ये फ्रेंच क्रियापदाच्या काळव्यवस्थेवर लिहिताना जो भेद दाखविला तो येथे उपयोगी पडतो: एक कथन असे की ज्यात वक्ता लोपलेला असतो आणि घटना जणू आपोआप उलगडतात, दुसरे संभाषण, ज्यात कोणी ‘मी’ कोणा ‘तू’शी बोलत असतो. ओरादूरच्या पाटीचे पहिले वाक्य कथनाचे आहे, शेवटचे वाक्य संभाषणाचे. वक्ता पहिल्या वाक्यात नाही आणि शेवटच्या वाक्यात तो एकदम आज्ञा करतो. वाचणाऱ्यास आज्ञा पोचते. ती कोणाची, हे कळत नाही.

मराठीत हे वाक्य दोन तऱ्हांनी लिहिता येईल. ‘नात्झींनी त्यांना मारले’ असे म्हटले तर कर्ता वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो. ‘ते नात्झींकडून मारले गेले’ असे म्हटले, म्हणजे ज्यास आपले वैयाकरण नवीन कर्मणी म्हणतात तो प्रयोग योजला, तर कर्ता मागे सरतो आणि मृत पुढे येतात. स्मारकावर मृतांनीच पुढे असावे, हे योग्यच आहे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार करावयाची तर ती ‘नात्झी’ या शब्दाविषयी करावी लागेल. हा शब्द एका पक्षाचा, एका मताचा वाचक आहे; तो देशाचा नाही, सैन्याचा नाही, भाषेचाही नाही. ‘जर्मन’ म्हटले असते तर एक प्रश्न उभा राहिला असता, आणि ओरादूरमध्ये त्या दिवशी गणवेशात कोण कोण होते याची यादी दिली असती तर दुसरा, अधिक अवघड. ‘नात्झी’ या शब्दाने दोन्ही प्रश्न टळले. १९५३ साली ते एकदमच समोर आले.

त्या वर्षाकडे वळण्यापूर्वी तिसऱ्या प्रकारच्या पाटीचा उल्लेख केला पाहिजे, कारण प्रवेशद्वाराशी अभ्यागतास ती प्रथम दिसते. तीवर एकच आज्ञा आहे: फ्रेंचमध्ये ‘सूव्हियँ-त्वा’, आणि तिच्यासह इंग्रजीत ‘रिमेम्बर’. मराठीत ‘आठवण ठेव’. येथे ‘ठेव’ आहे, ‘ठेवा’ नाही. आत गेल्यावर हत्येच्या जागांवरील पाट्या मात्र ‘चिंतन करा’ असे म्हणतात. तेथे फ्रेंच ‘व्हू’ आहे, म्हणजे आपले ‘तुम्ही’. एकाच स्मारकात अभ्यागतास दारात ‘तू’ आणि आत ‘तुम्ही’ असे संबोधले जाते. इंग्रजी ‘रिमेम्बर’ला हा भेद दाखविताच येत नाही, ज्या भाषेत ‘तू’ मरून गेला त्या भाषेची ही मर्यादा.

ब्राउन आणि गिल्मन यांनी १९६० मध्ये द्वितीयपुरुषी सर्वनामांच्या अभ्यासात सत्ता आणि सलगी अशी दोन तत्त्वे मांडली. ओरादूरच्या दारातील ‘तू’ या दोहोंपैकी कोणता? अनोळखी प्रवाशाशी सलगीचा तो असू शकत नाही. फ्रेंच ऐकणाऱ्याच्या कानात हा प्रयोग बायबलमधील दहा आज्ञांचा आहे. शब्बाथविषयीची आज्ञा फ्रेंच भाषांतरांत याच शब्दाने सुरू होते. म्हणजे हा ‘तू’ वरून येणारा, प्रत्येकास एकटा पाडणारा ‘तू’ आहे. समूहात लपून आत शिरू पाहणाऱ्या पर्यटकास तो समूहातून वेगळा काढतो. मराठी अभंगवाणीतील, संत जिवाला उद्देशून वापरतात तो ‘तू’ ऐकलेल्या वाचकास हा परिणाम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आतील ‘तुम्ही’ मात्र सरकारी सौजन्याचा आहे. पहिला अधिक कठोर आणि अधिक चांगला आहे.

परंतु दोन्ही आज्ञांत वक्ता गुप्तच राहतो. ‘आठवण ठेव’ असे कोण म्हणते? मृत? मागे उरलेले नातलग? की फ्रेंच राज्य? पहिली काही वर्षे हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिन्ही आवाज एकच आहेत असे सर्वांनी गृहीत धरले होते. ओरादूर हे फ्रान्सचे दुःख होते, आणि फ्रान्स ओरादूरच्या वतीने बोलत होता. फ्रेंच भाषेतही हे गृहीत धरणे सोपे जाते, कारण तिच्यात प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे: ‘नू’. मराठीत मात्र, गुजरातीप्रमाणेच आणि बहुधा द्राविडी भाषांच्या सहवासामुळे, त्यासाठी दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आमची माणसे गेली’ आणि ‘आपली माणसे गेली’ ही वाक्ये दुःखाच्या घरी बोलली जातात तेव्हा त्यांतील अंतर मराठी माणसास व्याकरण न शिकताही कळते. समाचारास आलेला मनुष्य ‘आपली’ म्हणू शकतो. पण त्याने ती म्हणावी की नाही हे घरच्यांनी ठरवावयाचे असते. ओरादूरचा १९५३ नंतरचा सारा वाद, एका वाक्यात सांगावयाचा तर, हा आहे. राज्य ‘आपण’ म्हणत होते आणि गावाने ‘आम्ही’ म्हटले.

१२ जानेवारी १९५३ रोजी बोर्दो येथील लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. आरोपी एकवीस होते. त्यांपैकी सात जर्मन आणि चौदा आल्सासचे, म्हणजे फ्रेंच नागरिक. या चौदांतील एक स्वेच्छेने एस.एस.मध्ये गेलेला होता. उरलेले तेरा सक्तीने भरती झालेले. आल्सास व मोझेल हे प्रदेश १९४० नंतर जर्मनीने आपल्यात जवळजवळ सामील करून घेतले होते आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे सक्तीची लष्करभरती सुरू केली होती. सुमारे १,३०,००० माणसे अशा रीतीने जर्मन गणवेशात गेली आणि त्यांतील हजारो परत आली नाहीत. १३ फेब्रुवारीस निकाल लागला: एक जर्मन सार्जंट आणि तो स्वेच्छेने गेलेला आल्सासी यांना मृत्युदंड, बाकी बहुतेकांस सक्तमजुरी किंवा कारावास. आल्सासमध्ये संतापाची लाट उसळली. राष्ट्रीय ऐक्य धोक्यात येते असे पाहून संसदेने आठवड्याच्या आत, ३१९ विरुद्ध २११ मतांनी, सक्तीने भरती झालेल्यांना माफी देणारा कायदा संमत केला आणि तेरा जण घरी गेले. लिमूझँमध्येही, म्हणजे लिमोजच्या परिसरात, तितकाच संताप उसळला. मृत्युदंडाच्या दोन्ही शिक्षाही पुढे सौम्य करण्यात आल्या आणि ते दोघेही त्याच दशकात सुटले.

या माणसांसाठी फ्रेंचमध्ये जो शब्द रूढ झाला तो भाषाभ्यासकास थांबवून धरणारा आहे. तो शब्द ‘मालग्रे-नू’: ‘आमच्या इच्छेविरुद्ध’. शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम मिळून झालेले हे नाम आहे, आणि त्यातील सर्वनाम प्रथमपुरुषी आहे. ‘त्यांच्या इच्छेविरुद्ध गेलेले’ असे नाव नाही. ‘आमच्या इच्छेविरुद्ध’ असे आहे. याचा परिणाम असा की, हा शब्द उच्चारणारा प्रत्येक मनुष्य, तो कोणीही असो, आरोपीच्या तोंडचे वाक्य आरोपीच्या पुरुषात उच्चारतो. वृत्तपत्रकार, न्यायाधीश, मंत्री, सारे ‘नू’ म्हणतात. ओरादूरच्या मृतांचा बापसुद्धा या माणसांचा उल्लेख रूढ शब्दाने करू लागला की ‘आमच्या इच्छेविरुद्ध’ असे म्हणून बसतो. बचावाचे सारे कथन एका नामात बसविणारा इतका संक्षिप्त शब्द क्वचितच सापडेल. तो आल्सासमध्ये कोणी धूर्तपणे घडविला असे सुचवावयाचे नाही. दुःखातून असे शब्द आपोआप घडतात. परंतु घडलेला शब्द पुढे काम करीत राहतो.

आल्सासची बाजू पोकळ होती असेही येथे म्हणावयाचे नाही. तिचे सर्वांत प्रामाणिक विधान स्ट्रासबुर शहरातील एका आधीच्याच स्मारकात झालेले आहे. लेओं-एर्नेस्त द्रिव्हिए यांनी घडविलेले हे शिल्प १९३६ मध्ये उभे राहिले. एक आई दोन मरणासन्न मुलांना धरून बसली आहे. मुलांच्या अंगावर गणवेश नाहीत, कारण पहिल्या महायुद्धात आल्सासची मुले जर्मन गणवेशातही मेली होती आणि फ्रेंच गणवेशातही. फ्रान्समधील अन्य गावांच्या स्मारकांवर मृत ‘फ्रान्ससाठी’ मेले असे लिहिण्याची रीत आहे. येथे तसे लिहिणे शक्य नव्हते. येथे ‘आ नो मॉर’, म्हणजे ‘आमच्या मृतांस’, एवढेच आहे. चतुर्थीचा हा लेख ज्यांना उद्देशून आहे ते कोणासाठी मेले हे सांगावयाचे तो टाळतो, आणि त्या टाळण्यातच त्याचे सत्य आहे. मराठी अनुवाद करणाऱ्याने तेथे ‘आपल्या’ असे लिहिले तर त्याने स्मारक वाचलेच नाही असे म्हणावे लागेल. तोही ‘आम्ही’च आहे.

म्हणजे १९५३ साली फ्रेंच राज्यापुढे दोन ‘आम्ही’ उभे होते आणि राज्यास दोहोंचे मिळून एक ‘आपण’ करावयाचे होते. येथे आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लिमूझँच्या शेतकऱ्यांची घरची बोली ऑक्सिताँची एक उपभाषा होती. आल्सासी घरांची बोली जर्मानिक कुळातील होती. दोन्ही पक्ष बोर्दो येथे, वृत्तपत्रांत आणि संसदेत राज्याच्या फ्रेंचमध्ये आपापले ‘नू’ म्हणत होते. एकाच सर्वनामाने दोघांनाही सामावल्याचा भास होतो. भाषा तो भास निर्माण करते, राजकारण त्यावर चालते.

ओरादूरने दिलेले उत्तर हा या स्मारकाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि आज तेथे जाणाऱ्यास नेमका तोच दिसत नाही. गावाने मिळालेले राष्ट्रीय सन्मान परत केले. शासनाच्या प्रतिनिधींना वार्षिक स्मृतिदिनास येण्यास मज्जाव केला. शासनाने मृतांच्या अस्थींसाठी एक भूमिगत स्मारकगृह बांधून तयार ठेवले होते; गावाने अस्थी तेथे नेऊ दिल्या नाहीत. नातलगांच्या संघटनेने दफनभूमीतच स्वतःचा स्तंभ उभारला आणि अस्थी तेथे ठेवल्या. आणि अवशेषांच्या प्रवेशमार्गावर फलक लागले: माफीच्या बाजूने मत देणाऱ्या ३१९ प्रतिनिधींची नावे, आणि माफी मिळालेल्या तेरांची नावे.

या नामावलीविषयी पुष्कळ प्रतिकूल लिहिले गेले आहे: ती सूडबुद्धीची होती, मृतांच्या जागी राजकारण आणणारी होती, वगैरे. स्मारक म्हणून तिचा विचार करणाऱ्याने हा आक्षेप स्वीकारण्याची घाई करू नये. इतर सर्व पाट्यांत कर्ता एकतर ‘नात्झी’ या जातिवाचक शब्दात मिटलेला आहे किंवा मुळीच नाही. या एकाच फलकावर कर्ते होते. ते जिवंत होते. आणि त्यांचे कृत्य, म्हणजे मत देणे, कर्तरी प्रयोगात सांगितलेले होते. युद्धस्मारकावर मृतांची नावे लिहिण्याची प्रथा सर्वत्र आहे. जिवंतांची नावे लिहिण्याची नाही. ओरादूरने स्मारकलेखाचा साचा तोच ठेवून त्यात विरुद्ध द्रव्य भरले. हे क्रूर होते यात शंका नाही. परंतु त्या दोन याद्यांमुळेच ‘आठवण ठेव’ या आज्ञेस पहिल्यांदा वक्ता मिळाला. बोलणारे राज्य नव्हते, हे त्या फलकापाशी कोणासही कळले असते. त्या ३१९ नावांत फ्राँस्वा मितेराँ हे एक होते. १९९४ च्या जून महिन्यात, घटनेच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, तेच मितेराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून ओरादूरला आले तेव्हा फलक नव्हता.

फलकापेक्षाही अर्थपूर्ण होते ते रिकामे स्मारकगृह. राज्याने बांधलेली, शिल्पकल्पनेने पूर्ण झालेली, आणि १९५३ पासून सुमारे दोन दशके ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांच्यावाचून राहिलेली ही वास्तू. १९७४ मध्ये गावाने अखेर तिचा स्वीकार केला; आज तेथे राखेतून निघालेली घड्याळे, चष्मे, खिशातील चाकू अशा वस्तू मांडलेल्या आहेत आणि त्या पाहून अभ्यागत हेलावतात. हेलावणे स्वाभाविक आहे. तथापि, समीक्षेच्या दृष्टीने पाहता ते रिकामे असतानाच अधिक पूर्ण होते. काही न बोलण्याने जे सांगितले जात होते ते नेमके होते: येथे ‘आपण’ असे म्हणण्याची मुभा अद्याप मिळालेली नाही. नकाराचे ते वर्ष अन् वर्ष स्मारकात कोठे नोंदविले गेले असते तर बरे झाले असते. १९९९ मध्ये अवशेषांलगत माहितीकेंद्र उघडले, त्यात या इतिहासाची मांडणी आहे. पण स्मारकाच्या आत, भिंतींमध्ये, तो पुसला गेला आहे.

हे सारे जुने झाले असे मानणाऱ्यांसाठी एका क्रियाविशेषणाची कथा सांगण्यासारखी आहे. कोठारातून वाचलेल्या पाचांपैकी रोबेर एब्रास यांनी आपल्या आठवणींत, सक्तीने भरती झालेल्या आल्सासींविषयी लिहिताना, ‘स्वा-दीझाँ’ हा शब्द वापरला होता. शब्दशः ‘स्वतःला तसे म्हणविणारे’. मराठीत याला नेमका शब्द ‘म्हणे’. ‘सक्तीने भरती झालेले, म्हणे.’ आल्सासमधील संघटनांनी दावा लावला. २०१२ मध्ये कोलमार येथील अपील न्यायालयाने एब्रास यांच्या विरुद्ध निर्णय दिला. २०१३ मध्ये देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो रद्द केला. ज्या माणसाने स्वतःच्या अंगावर प्रेते पडलेली अनुभवली त्यास एका ‘म्हणे’चा जाब न्यायालयात द्यावा लागला. मराठीतील ‘म्हणे’ हे ऐकीव माहितीचे चिन्ह आहे आणि अविश्वासाचेही. वक्ता विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. ‘मालग्रे-नू’ या शब्दाने जे प्रथमपुरुषी वाक्य साऱ्या देशाच्या तोंडी घातले होते, त्यास या छोट्या शब्दाने पुन्हा तृतीयपुरुषात ढकलले. भांडण सर्वनामाचे होते, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांपेक्षा त्या दोन शब्दांनी अधिक स्पष्ट केले.

आता अवशेषांच्या अधिकृत नावाविषयी. नवे गावही ओरादूर-स्युर-ग्लान आणि जुनेही तेच. एका नावाची दोन गावे झाली की आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावतात; फ्रेंचांनी जुन्यास ‘व्हिलाज मार्तीर’ म्हटले. ‘मार्तीर’ हा शब्द मूळ ग्रीकमधला, आणि त्याचा अर्थ साक्षीदार. ख्रिस्ती परंपरेत तो श्रद्धेची साक्ष प्राण देऊन पुरविणाऱ्यास लागला. मराठीत यास ‘हुतात्मा’ हा शब्द रूढ आहे. मुंबईतील फ्लोरा फाउंटनजवळील संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकाने तो चौकाच्या नावातही नेला. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पिलेला. तेव्हा ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःस अर्पिले तो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांस हा शब्द शोभतो, कारण ते एका मागणीसाठी स्वतःहून रस्त्यावर आले होते. ओरादूरच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आणि अर्थाने खोटा ठरतो. ते खरोखर अग्नीत गेले. परंतु त्यांनी स्वतःस अर्पिले नव्हते, त्यांना कोणीतरी अग्नीत टाकले. शाळेतल्या मुलाने कशाचीच साक्ष देण्याचे ठरविलेले नसते. ‘मार्तीर’ या फ्रेंच शब्दासही हाच दोष आहे, फक्त फ्रेंच कानास तो आता जाणवत नाही. अनुवादात तो उघडा पडतो. ‘बळी गेलेले गाव’ असे मराठीत म्हणणे अधिक रोखठोक. ‘बळी’ स्वतः निर्णय घेत नाही.

आणि तरीही त्या शब्दाच्या मूळ अर्थाची आठवण एका विघ्नसंतोषी हाताने करून दिली. ऑगस्ट २०२० मध्ये माहितीकेंद्राच्या भिंतीवरील लेखातील ‘मार्तीर’ या शब्दावर काट मारून कोणी तेथे ‘माँतर’, म्हणजे खोटारडा, असे रंगविले. दोन्ही शब्दांची फ्रेंचमधील आद्याक्षरे सारखी असल्यामुळे ही दुष्ट कोटी साधली. पण खोटारडा म्हणावयाचे ते साक्षीदारासच म्हणतात. झाडास किंवा दगडास कोणी म्हणत नाही. ग्रीक अर्थ, जो शतकांपूर्वी झिजून गेला होता, तो असा विद्रूपीकरणातून वर आला.

राहता राहिला तो गावाचा ‘आम्ही’. त्यात कोण होते, हेही तपासले पाहिजे, कारण ‘आम्ही’ हा शब्द जितका ठाम तितका त्याचा परीघ अस्पष्ट असतो. त्या शनिवारी ओरादूरमध्ये केवळ मूळचे रहिवासी नव्हते. युद्धामुळे हद्दपार होऊन आलेली लोरेनमधील कुटुंबे होती, स्पेनमधील यादवीनंतर आश्रयास आलेले निर्वासित होते, ज्यू होते, स्वतः आल्सासमधून आलेली माणसेही होती. शाळेतून पळून वाचलेला एकुलता एक मुलगा लोरेनचा. मोझेल प्रदेशातील शार्ली या गावाने आपल्या माणसांच्या स्मरणार्थ १९५० मध्ये आपले नाव बदलून शार्ली-ओरादूर असे घेतले. बुद्रुक-खुर्दाच्या न्यायाने पाहता हे उलट दिशेचे नामकरण आहे: नाव दुभंगले नाही, दोन नावे जोडली गेली. लिमूझँच्या शेतकऱ्यांचा म्हणून जो ‘आम्ही’ १९५३ मध्ये आल्सासविरुद्ध उभा राहिला, त्याच्या मृतांत आल्सासीही होते, ही गोष्ट त्या वर्षीच्या भाषणांत फारशी ऐकू आली नसणार.

मृतांचा आकडा ६४२ असा तीन पिढ्यांनी पाठ केला होता. एका स्पॅनिश निर्वासित स्त्रीचे नाव कोणत्याच यादीत आलेले नव्हते. ते संशोधनातून उजेडात आले, आणि २०२० पासून ओरादूरमध्ये ६४३ असे म्हणतात.